'शेअर', 'ठेव', 'विमा' आणि 'हमी': क्रेडिट युनियनच्या जाहिरातीतलं एक वाक्य मराठीत कसं लिहावं?

न्यूजर्सीवासी

नमस्कार मंडळी. आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकात इथल्या एका क्रेडिट युनियनची (सभासदांच्याच मालकीची, बँकेसारखं काम करणारी संस्था) पानभर जाहिरात येते आहे. जाहिरात इंग्रजीत आहे. पण अंक वाचणारे बरेचसे मुलांकडे येऊन राहिलेले आई-वडील, म्हणून खाली चार ओळी मराठीत द्यायच्या ठरल्या आणि काम माझ्याकडे आलं. तीन ओळी झाल्या. चौथीपाशी दोन दिवस अडले आहे.

मूळ वाक्य असं: 'धिस क्रेडिट युनियन इज फेडरली इन्शुअर्ड बाय द नॅशनल क्रेडिट युनियन ॲडमिनिस्ट्रेशन.' मी लिहिलं, 'ही पतसंस्था राष्ट्रीय पतसंघ प्रशासनाकडून संघीय विमाकृत आहे.' मलाच ते वाचवेना. एका वाक्यात दोन 'संघ' आले, शिवाय 'विमाकृत' म्हणजे नक्की काय झालं ते कळत नाही.

दुसरी अडचण: जाहिरातीत '१२ महिन्यांचं शेअर सर्टिफिकेट' आहे. मी 'भाग प्रमाणपत्र' केलं. नागपूरला बाबांना फोनवर वाचून दाखवलं, तर ते म्हणाले, "शेअर नको बाई. पैसे ठेवायला जागा हवी असेल तर एफडी बघ." मी सांगितलं की ही एफडीच आहे. "मग शेअर का म्हणतात?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

कोल्हापूरकर

ताई, तुमच्या बाबांनी बरोबर जागी बोट ठेवलं. नागरी सहकारी बँकेत ३१ वर्षं काढली, त्यामुळे या एका शब्दावर मला जरा सविस्तर लिहू द्या.

आपल्याकडे सहकारी संस्थेत माणूस दोन प्रकारे पैसे देतो. 'भाग' घेतला की तो सभासद होतो, मालकीत वाटेकरी होतो, नफा झाला तर लाभांश मिळतो. 'ठेव' ठेवली की संस्था त्याचं देणं लागते, ठरलेलं व्याज द्यावं लागतं. संस्था बुडाली की आधी ठेवीदारांची देणी भागतात, भागधारक रांगेत सगळ्यांत मागे. काउंटरवर नवा खातेदार आला की आम्ही दोन वेगळे कागद हातात द्यायचो: भाग दाखला आणि ठेव पावती. आणि तोंडाने सांगायचो, हा मालकीचा कागद, हा तुमच्या पैशाचा.

अमेरिकेतल्या क्रेडिट युनियनमध्ये सभासदाने ठेवलेल्या पैशालाच 'शेअर' म्हणतात, कारण पैसे ठेवणारा तोच मालक अशी तिथली मूळ कल्पना आहे. बचत खातं ते 'शेअर सेव्हिंग्ज', चालू खातं ते 'शेअर ड्राफ्ट', मुदत ठेव ते 'शेअर सर्टिफिकेट', आणि त्यावरच्या व्याजाला 'डिव्हिडंड'. १९७० साली स्थापन झालेल्या तिथल्या विमा निधीच्या नावातही 'शेअर इन्शुरन्स' असेच शब्द आहेत.

आता याचं 'शेअर विमा' केलंत तर मराठी वाचक काय समजेल? शेअर बाजारातल्या पैशाला विमा आहे! तिथे नियम नेमका उलटा. म्युच्युअल फंड किंवा वर्षासन (ॲन्युइटी) क्रेडिट युनियनच्याच कार्यालयात विकलं तरी 'याला विमा नाही, मूल्य कमी होऊ शकतं' असं सांगावंच लागतं. ज्या पैशाला विमा आहे त्याला आपल्या भाषेत ज्या पैशाला विमा नाही त्याचं नाव पडतं. म्हणून 'शेअर सर्टिफिकेट' म्हणजे सरळ 'मुदत ठेव'. 'डिव्हिडंड'लाही 'लाभांश' नको, 'व्याज' म्हणा. शब्दाला शब्द ठेवायचा आग्रह इथे सोडावा लागेल.

मुद्रितशोधक

काकांशी सहमत. माझी भर 'विमाकृत'बद्दल.

मराठीत विमा 'उतरवतात' आणि तो कशाचा तरी असतो: घराचा, गाडीचा, पिकाचा. 'ही संस्था विमाकृत आहे' म्हटलं की आग लागली तर इमारतीची भरपाई मिळेल असं वाटतं. इंग्रजी वाक्यात 'क्रेडिट युनियन' हा कर्ता चालून जातो, मराठीत 'ठेवी' वाक्यात आणल्याशिवाय अर्थ उभा राहत नाही. 'इथल्या ठेवींना विमा आहे' एवढं साधं लिहा. 'विमाधारक' तर मुळीच नको, तो पॉलिसी घेणारा माणूस.

'निक्षेप' कुणी सुचवेल. शब्द फार जुना: धर्मशास्त्रात वादाची जी १८ कारणं सांगितली आहेत त्यांत 'निक्षेप' आहे, म्हणजे विश्वासाने दुसऱ्याकडे सोपवलेली वस्तू. अर्थ सुंदर आहे. पण आज तो हिंदी सरकारी कागदांवर दिसतो, मराठी माणूस 'ठेव'च म्हणतो. 'ठेवणे' या रोजच्या क्रियापदातून आलेला शब्द हाताशी असताना बदलायचं कारण नाही.

'विमा' फारसीतून आला आणि फारसीत 'बीम' म्हणजे भीती. ज्या गोष्टीची भीती आहे तिच्यासाठी केलेली तजवीज. 'हमी' म्हणजे दुसऱ्यासाठी दिलेला शब्द. जाहिरातींत हे दोन्ही सर्रास एकमेकांच्या जागी वापरतात. आपल्या डीआयसीजीसीच्या नावात तर दोन्ही आहेत: ठेव विमा आणि पत हमी महामंडळ. १९६० साली पलाई सेंट्रल बँक आणि लक्ष्मी बँक बुडाल्या, त्यानंतर १९६१चा कायदा झाला आणि १ जानेवारी १९६२ला ठेव विम्याचं महामंडळ सुरू झालं. कर्जाला हमी देणारं महामंडळ वेगळं होतं, ते १९७८ साली त्यात विलीन झालं. म्हणजे नावातली 'हमी' बँकांनी दिलेल्या कर्जासाठीची, ठेवीदाराच्या वाट्याला त्यातला 'विमा' तेवढा येतो. नाव वाचून 'सरकारने माझ्या ठेवीची हमी घेतली आहे' असं समजणारे सुशिक्षित लोक मी पाहिले आहेत.

ठेवीदार

या चर्चेत मला बोलायलाच हवं.

आमच्या तालुक्याच्या गावी एक पतसंस्था होती, नाव लिहीत नाही. एसटी स्टँडसमोर तिचा पिवळा फलक होता, त्यावर 'आपली ठेव १०० टक्के सुरक्षित', आणि खाली बारीक अक्षरात 'शासनमान्य'. वडिलांनी निवृत्तीचे पैसे तिथे ठेवले. रोज संध्याकाळी दुकानात येणारा पिग्मी एजंट म्हणायचा, "काका, विमा आहे, पाच लाखांपर्यंत काळजी नाही." संस्थेला टाळं लागलं तेव्हा मी शहरात चौकशी केली. कळलं की डीआयसीजीसीचा विमा बँकांना असतो, सहकारी बँकांनाही असतो, पण पतसंस्थांना नसतो. वडिलांच्या पत्र्याच्या पेटीत प्लास्टिकच्या पिशवीत ठेव पावत्या आणि भाग दाखला एकत्र घडी घातलेले होते. त्या पावत्यांवर कुठेही 'विमा' हा शब्द नव्हता. तो फक्त एजंटच्या तोंडी होता.

म्हणून ताई, क्रेडिट युनियनला 'पतसंस्था' म्हणू नका. कोशात बरोबर असेल, पण माझ्यासारख्या घरांत 'पतसंस्था' आणि 'विमा' हे शब्द एका वाक्यात आले की पोटात गोळा येतो. आणि उलटंही होईल. तुमची जाहिरात वाचलेलं कुणी गावी येऊन म्हणेल, 'पतसंस्थेला विमा असतो, मी अमेरिकेत वाचलंय.'

कोल्हापूरकर

दादा, वाचून वाईट वाटलं. शब्द कायद्यालाही महत्त्वाचे वाटतात, म्हणून तर रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०२१ मध्ये जाहीर सूचना काढली: काही सहकारी संस्था नावात 'बँक' लावतात, सभासद नसलेल्यांकडून ठेवी घेतात, त्यांना तशी परवानगी नाही आणि तिथल्या ठेवींना डीआयसीजीसीचा विमा नाही. १ सप्टेंबर २०२३पासून बँकांना आपल्या संकेतस्थळावर डीआयसीजीसीचं चिन्ह आणि क्यूआर कोड लावायला सांगितलं आहे. 'शासनमान्य' म्हणजे नोंदणी झाली, एवढंच. 'सुरक्षित' या शब्दामागे कोण उभं आहे हे लिहिलं नसेल, तर तो शब्द वाचला नाही असं समजून पुढे जावं.

न्यूजर्सीवासी

'पतसंस्था' काढला. 'क्रेडिट युनियन'च ठेवते. दादा, तुमच्या वडिलांच्या पेटीचं वाचून हे काम किती जपून करायला हवं ते उमगलं.

आता एक नवीन पेच. इथल्या क्रेडिट युनियनच्या खिडकीवरच्या पाटीवर विमा 'ॲट लीस्ट' (निदान) अडीच लाख डॉलरचा असं लिहिलेलं असतं. आपण 'पर्यंत' म्हणतो. 'किमान अडीच लाखांपर्यंत' असं लिहिलं की किमान आणि कमाल एकाच वेळी म्हटल्यासारखं होतं.

ओहायोवाली

मी इथे एका क्रेडिट युनियनमध्ये नियमपालनाचं काम करते, तेव्हा हे जरा माझं क्षेत्र.

'ॲट लीस्ट' यासाठी की मर्यादा खात्यावर नसते, माणूस आणि मालकीचा प्रकार यांवर असते. तुमच्या एकटीच्या नावावर अडीच लाख, नवऱ्यासोबतच्या संयुक्त खात्यातल्या तुमच्या वाट्याला वेगळे अडीच लाख, निवृत्ती खात्याला आणखी वेगळे. म्हणून निदान इतकं, कदाचित जास्त. ही मर्यादा आधी एक लाख होती. २००८च्या संकटात तात्पुरती वाढवली आणि २०१०मध्ये कायम केली. मराठीत 'किमान' आणि 'पर्यंत' एकत्र नकोत. 'प्रत्येक सभासदाच्या ठेवींना निदान अडीच लाख डॉलरचा विमा' असं लिहिता येईल. भारतात मात्र 'पर्यंत'च बरोबर: एका बँकेत एका ठेवीदाराला, सगळ्या शाखा धरून, मुद्दल आणि व्याज मिळून पाच लाखांपर्यंत. दोन्हीकडे 'प्रत्येक खात्याला' हा शब्दप्रयोग चुकीचा.

पण ताई, याहून मोठी गोष्ट. विम्याचं ते मूळ इंग्रजी वाक्य तुम्ही स्वतः भाषांतर करून जाहिरातीत टाकू शकत नाही. एनसीयूएच्या (म्हणजे तुमच्या वाक्यातलं नॅशनल क्रेडिट युनियन ॲडमिनिस्ट्रेशन, ही सरकारी संस्था) नियमांत जाहिरातीतलं वाक्य ठरलेलं आहे. लांब वाक्य नको असेल तर 'फेडरली इन्शुअर्ड बाय एनसीयूए' चालतं, २०१८पासून नुसतं 'इन्शुअर्ड बाय एनसीयूए' हेही चालतं, किंवा अधिकृत चिन्ह. इंग्रजीखेरीज दुसऱ्या भाषेत वापरायचं तर त्या भाषांतराला आधी एनसीयूएच्या प्रादेशिक संचालकाची मंजुरी लागते. शब्द एवढासा हलला तरी अर्थ कुठे जातो हे वर दिसलंच आहे, त्यामुळे हा नियम मला मनापासून पटतो.

अक्षराचा आकारही पाहा. जाहिरातीत ग्राहकाला माहिती देणारं जे सगळ्यांत बारीक अक्षर असेल, त्याहून हे वाक्य बारीक नको. रेडिओ-टीव्हीवरच्या ३० सेकंदांपर्यंतच्या जाहिरातीला या वाक्यातून सूट आहे, छापील पानाला नाही.

आणि सगळ्याच क्रेडिट युनियनना हा सरकारी विमा नसतो. काही राज्य-परवान्याच्या क्रेडिट युनियन खासगी विमा घेतात. त्यांना जाहिरातीत 'केंद्र सरकारचा विमा नाही' असं स्पष्ट लिहावं लागतं आणि सभासदाची तशी सही घ्यावी लागते. म्हणून वाक्यातलं 'फेडरली' गाळू नका. एनसीयूएचं नाव शेजारी नसेल तर 'ठेवींना विमा आहे' हे खासगी विम्यालाही लागू पडेल.

मुद्रितशोधक

'फेडरल'साठी 'संघीय' नको, तो हिंदी वळणाचा शब्द. 'केंद्र सरकार' म्हणा, पण मागे 'अमेरिकेच्या' लावा, नाहीतर वाचकाला दिल्ली दिसेल. आणि आकाराबद्दल: इंग्रजीच्या मापातच देवनागरी लावली की रफार-वेलांट्यांत शाई भरते. एक-दोन पॉइंट मोठीच लावा.

न्यूजर्सीवासी

मंजुरीचं मला ठाऊकच नव्हतं, मनापासून आभार. आज क्रेडिट युनियनच्या व्यवस्थापक बाईंशी बोलले. त्या पुढचं वाक्य मंजुरीसाठी पाठवणार आहेत:

'या क्रेडिट युनियनमधील सभासदांच्या ठेवींना अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या नॅशनल क्रेडिट युनियन ॲडमिनिस्ट्रेशनचा (एनसीयूए) विमा आहे.'

दिवाळीच्या आत उत्तर आलं नाही तर जाहिरातीत मूळ इंग्रजी वाक्यच जाईल, आणि मराठीत उरलेल्या तीन ओळी. 'भाग प्रमाणपत्र' जाऊन तिथे '१२ महिन्यांची मुदत ठेव' आलं आहे. बाबांना परत वाचून दाखवलं. ते म्हणाले, "हां, आता व्याज किती ते सांग."