लगदा चाळतात, गाळतात की रोळतात?

शब्दपांथ: कागद गिरणीच्या यंत्रपुस्तिकेचे भाषांतर करताना अडलो आहे. लगद्यातला कचरा दोन टप्प्यांत काढतात. आधी लगदा बारीक फटींच्या दंडगोल चाळणीतून दाबाने जातो, तेव्हा न शिजलेल्या काड्या आणि गाठी मागे राहतात. नंतर तो आणखी पातळ करून निमुळत्या शंकूत कडेने वेगाने सोडतात. त्या भोवऱ्यात वाळू, स्टेपलच्या पिना असे जड कण भिंतीकडे फेकले जाऊन खालच्या टोकातून बाहेर पडतात आणि चांगला तंतू वरून निघतो. पहिल्यासाठी ‘चाळणे’ आणि दुसऱ्यासाठी ‘शुद्धीकरण’ लिहिले, तर चाळणे हेही शुद्धीकरणच नव्हे काय, असा शेरा संपादकांनी मारला.

पळसपान: चाळतात ते पीठ, पातळ पदार्थ आपण गाळतो. लगद्यात बहुतांश पाणीच असते, म्हणून पहिल्यालाही ‘गाळणे’ म्हणावे.

जुना गिरणीकर: असहमत. पुढे यंत्राच्या जाळीवर पाणी निथळून तंतूंचा थर उरतो, ते खरे गाळणे. तो शब्द इथेच खर्च केलात, तर तिथे काय लिहाल?

उंबरठा: दुसऱ्या टप्प्याला ‘रोळणे’ हा शब्द तयार आहे. खडे तांदळाएवढेच असले की चाळणीचा उपयोग नसतो, म्हणून आमच्याकडे तांदूळ रोळीत घेऊन पाण्यात हिंदकळत आणि खडे तळाशी बसत. फट ०.२ मिलिमीटरची असली, तरी त्याहून बारीक वाळू तंतूबरोबर निसटतेच. तिथे आकार नव्हे, घनता कामाला येते.

व्याकरणप्रेमी: तांत्रिक ग्रंथात स्वयंपाकघरातला शब्द शोभणार नाही. ‘अपकेंद्री निर्मलीकरण’ असे लिहावे.

जुना गिरणीकर: आपले निर्मलीकरण पाळीवरच्या माणसाला कोण समजावणार? तो ‘क्लीनर’ म्हणतो आणि काम चालते. शिवाय रद्दीच्या लगद्यात प्लॅस्टिक व मेण तंतूपेक्षा हलके असते, म्हणून उलट्या क्लीनरमध्ये कचरा वरून काढतात आणि तंतू खालून घेतात. त्याला काय म्हणाल, पाखडणे? डिंकाचे गोळे तर त्याहून वाईट. ते उष्णतेने मऊ होऊन चाळणीच्या फटीतूनही दबून निघतात आणि पुढे जाळीला चिकटतात.

पळसपान: पाखडायला वारा लागतो, इथे पाणी आहे. आणि मूळ शब्द ‘रोवळी’ आहे. ‘रोळी’ हे त्याचे झिजलेले रूप असावे.

उंबरठा: आमच्याकडे दोन्ही शब्द आहेत आणि त्यांचे अर्थ वेगळे आहेत. रोवळी बांबूची, तांदूळ धुऊन निथळत ठेवण्याची. तिच्यातून पाणी निघून जाते, मग तिच्यात रोळणार कसे?

शब्दपांथ: पुस्तिका सोमवारी द्यायची आहे. ‘रोळणे’ लिहिले, तर यंत्राला ‘रोळणी’ म्हणता येईल का?

व्याकरणप्रेमी: आधी रोळी आणि रोवळी यांचा निकाल लागू द्या.