क्लास ॲट्रिब्यूट: यादी सर्वांची एकच, मोजणी मात्र प्रत्येकाची वेगळी, असे का?

नवशिका
पायथन ३ मध्ये मी विद्यार्थी नावाचा क्लास लिहिला आहे. त्यात कोणत्याही मेथडच्या बाहेर गुण = [] आणि संख्या = ० अशा दोन ओळी आहेत. इनिट मेथडमध्ये सेल्फ.संख्या += १ असे लिहिले आहे आणि गुण नोंदवण्यासाठी दुसऱ्या एका मेथडमध्ये सेल्फ.गुण.अपेंड वापरले आहे. तीन ऑब्जेक्ट तयार केल्यावर एकाचे गुण तिघांच्याही यादीत दिसतात. उलट संख्या प्रत्येक ऑब्जेक्टवर १ दिसते आणि विद्यार्थी.संख्या तर ० वरच राहते. दोन्ही क्लास ॲट्रिब्यूट असताना हा फरक कशामुळे पडतो?

धागादोरा
फरक ॲट्रिब्यूटमध्ये नसून तुम्ही त्यांच्यावर केलेल्या क्रियांमध्ये आहे. सेल्फ.गुण हे नाव वाचताना पायथन ते आधी ऑब्जेक्टच्या स्वतःच्या डिक्शनरीत शोधतो, तिथे नसेल तर क्लासमध्ये आणि तिथेही नसेल तर पालक क्लासांमध्ये ठरलेल्या क्रमाने शोधतो. (प्रॉपर्टीसारख्या डिस्क्रिप्टरचा नियम निराळा आहे, पण येथे त्याचा संबंध नाही.) सेल्फ.नाव = मूल्य असे लिहिताना मात्र हा शोध होत नाही आणि मूल्य थेट त्या ऑब्जेक्टवर नोंदले जाते.

अपेंडमध्ये असे लिहिणे घडतच नाही. क्लासवर सापडलेल्या एकमेव यादीत भर पडते. याउलट सेल्फ.संख्या += १ मध्ये क्लासवरचा ० वाचला जातो, त्यात १ मिळवला जातो आणि उत्तर ऑब्जेक्टवर ठेवले जाते, म्हणून क्लासवरचा ० जागचा हलत नाही. ऑब्जेक्टची स्वतःची डिक्शनरी दाखवणारे व्हार्स हे फंक्शन एखाद्या ऑब्जेक्टवर चालवून पाहा: त्यात संख्या दिसेल, गुण दिसणार नाही.

तेव्हा सेल्फ.गुण = [] ही ओळ इनिटमध्ये न्यावी आणि मोजणीसाठी विद्यार्थी.संख्या += १ असे लिहावे.

अर्धविराम
वरील उत्तर बरोबर आहे, परंतु अपेंडऐवजी सेल्फ.गुण += [७२] असे लिहिले असते, तर दोन्ही गोष्टी एकदम घडल्या असत्या. लिस्टवरचा += मूळ यादीतच बदल करतो आणि नंतर तीच यादी ऑब्जेक्टच्या नावावरही चढवतो. मग व्हार्समध्ये गुण दिसू लागतो आणि यादी स्वतंत्र झाल्याचा भास होतो. प्रत्यक्षात ती सर्वांची सामाईकच असते. ही चूक शोधणे फार त्रासदायक ठरते.

नवशिका
आभारी आहे. क्लासचे नाव थेट लिहिण्याऐवजी टाइप(सेल्फ).संख्या += १ असे लिहिणे अधिक चांगले नव्हे का? उद्या नाव बदलले तरी ती ओळ बदलावी लागणार नाही.

धागादोरा
एकूण मोजणी हवी असेल तर नाही. समजा, विद्यार्थीचे ३ ऑब्जेक्ट झाल्यावर तुम्ही त्यापासून शिष्यवृत्तीधारक हा उपक्लास काढला. त्याचा पहिला ऑब्जेक्ट तयार होताना पालकावरचा ३ वाचला जाईल आणि ४ हा आकडा उपक्लासवर लिहिला जाईल. त्यानंतर दोघांची मोजणी वेगवेगळी चालेल आणि उपक्लासवरचा आकडा ना एकूण संख्या सांगेल, ना त्याची स्वतःची. प्रत्येक उपक्लासची वेगळी मोजणी हवी असेल, तर त्यात संख्या = ० पुन्हा लिहावे.

अर्धविराम
पायथन ३.७ पासून उपलब्ध असलेला डेटाक्लास (फील्ड लिहिली की इनिट मेथड आपोआप तयार करणारी सोय) वापरल्यास यादीची चूक बऱ्याच अंशी टळते. टाइप नोंदवलेल्या फील्डला [] हे डिफॉल्ट दिले, तर क्लास तयार होतानाच व्हॅल्यूएरर येतो आणि प्रत्येक ऑब्जेक्टसाठी नवी यादी बनवणारी डिफॉल्ट_फॅक्टरी वापरणे भाग पडते. मात्र टाइप लिहायचा राहिला, तर डेटाक्लास त्या ओळीला फील्ड मानतच नाही आणि कोणतीही सूचना न देता ते सामाईक क्लास ॲट्रिब्यूटच राहते.