पित्त खवळतं ते रागाने की जंतूने?

तिरफळ (धागाकर्ती)

आमच्या घरात कुणाचं पोट दुखलं की निदान तयारच असतं: "मनाला लावून घेतेस." आईने हे सहा वर्षं ऐकलं. बाबा गेल्यापासून तिच्या पोटात जळजळायचं, रात्री उठून थंड दूध प्यायची. मावशीने नामस्मरण सुचवलं, एका डॉक्टरांनी "आता मागचं विसरा" म्हणत गुलाबी औषधाची बाटली दिली. गेल्या दिवाळीनंतर एकदाची दुर्बिणीने तपासणी झाली. जठरात अल्सर, आणि हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा जंतू. १४ दिवस दोन अँटिबायोटिक्स आणि ॲसिड कमी करणारी गोळी, की जळजळ बंद. दुःख होतं तिथेच आहे. बाबांचा चष्मा अजून फडताळात आहे.

तर माझं म्हणणं: शरीराच्या दुखण्याचं खापर भावनांवर फोडणं बंद करा. अल्सर म्हणजे टेन्शन, हे डॉक्टर मंडळी सोडायलाच तयार नव्हती, म्हणून ऑस्ट्रेलियाच्या बॅरी मार्शल यांनी १९८४ मध्ये हा जंतू स्वतः पिऊन दाखवला. २००५ मध्ये त्यांना आणि रॉबिन वॉरन यांना नोबेल मिळालं. ताणाच्या शास्त्राचंही तेच. हान्स सेल्ये यांनी १९३६ मध्ये उंदरांना थंडीत ठेवलं, जखमा केल्या, दमेपर्यंत पळवलं, औषधं टोचली. काहीही केलं तरी मूत्रपिंडावरच्या ग्रंथी वाढायच्या, जठरात व्रण पडायचे. यात भावना कुठे आली?

आडवाटेचा पाटील

असहमत, आणि तुमच्याच उंदरांवरून असहमत. थंडीत कुडकुडणारा उंदीर घाबरलेला नव्हता, हे कुणी ठरवलं?

सेल्ये यांच्या नंतर जॉन मेसन नावाच्या अमेरिकन संशोधकाने नेमकं हेच धरलं. माकडांना उपाशी ठेवलं की ताणाची संप्रेरकं वाढतात, हे ठाऊक होतं. त्याने उपाशी माकडांना सत्त्व नसलेल्या, पण फळांच्या चवीच्या गोळ्या चघळायला दिल्या आणि शेजारची माकडं खाताना त्यांना दिसणार नाहीत अशी सोय केली. उपास तोच, पण संप्रेरकं जवळजवळ वाढलीच नाहीत. म्हणजे शरीर भुकेपेक्षा 'मला मिळालं नाही' यावर पेटत होतं.

आपल्याला यासाठी माकडं लागू नयेत. आषाढी एकादशीला दिवसभर शेंगदाण्यावर चालणारा माणूस लग्नाच्या पंगतीत पान अर्धा तास उशिरा आलं तर थरथरतो. पोट तेच, फरक मानाचा. (माझे काका. अधिक विचारू नये.)

नखाएवढी चूक

मार्शल यांना अल्सर झालाच नव्हता. जठराला सूज आली, उलट्या झाल्या, मग उपचार घेतले. नोबेलच्या घाईत सगळे हे विसरतात.

तिरफळ

@नखाएवढी चूक, मान्य. पण मी 'अल्सर झाला' असं लिहिलं कुठे?

@पाटील, माकडांचं पटलं. पण संप्रेरक वाढणं वेगळं आणि आजार होणं वेगळं. परीक्षेला माझ्याही पोटात गोळा यायचा, दुपारी पेपर संपला की वडापाव खायचे.

सांजपाखरू

आजार होतो. आजोबा गेले त्या रात्री आजीच्या छातीत कळ आली. ईसीजी बिघडलेला, हार्ट अटॅक म्हणून दाखल केलं. अँजिओग्राफी केली तर रक्तवाहिन्यांत अडथळा नाही! हृदयाचं टोक मात्र फुग्यासारखं फुगलेलं. याला ताकोत्सुबो म्हणतात. ताकोत्सुबो हे जपानी कोळ्यांचं ऑक्टोपस धरायचं मडकं, हृदयाचा आकार तसा दिसतो म्हणून. बहुतेक रुग्ण पाळी गेलेल्या बायका. आजी काही आठवड्यांत सावरली. 'काळीज फाटलं' हा आमच्या घरात आता वाक्प्रचार राहिलेला नाही.

तिरफळ

आजी सावरल्या हे बरं झालं. पण ताकोत्सुबो मोठं ऑपरेशन, दम्याचा झटका यांनंतरही होतो, दुःखाचा लवलेश नसताना. ॲड्रिनलिन या ताणाच्या संप्रेरकाचा लोंढा आला की झालं, तो कशाने आला याचं हृदयाला काय?

आठ सतराची लोकल

तुम्ही दोघं एकाच चुकीच्या फलाटावर उभे आहात. राग, दुःख, भीती हे सगळं थर्मामीटरमधलं. ताप कुठून येतो ते बघा. लंडनच्या सरकारी नोकरांचा व्हाइटहॉल अभ्यास १९६७ पासूनचा. आपल्याला वाटतं, टेन्शन साहेबाला. प्रत्यक्षात हृदयविकाराने मरण्याचं प्रमाण वरच्या साहेबांपेक्षा सगळ्यात खालच्या निरोप्या-शिपायांत तिपटीहून जास्त! सिगारेट, रक्तदाब वगैरे हिशेबात धरूनही बराच फरक उरला. ज्याच्या हातात काहीच नसतं, त्याचं शरीर झिजतं. अशाला 'सकारात्मक राहा' सांगणं म्हणजे घर गळतंय आणि तुम्ही छत्री उघडायचं शिबिर घेताय. आमच्या ऑफिसात असं शिबिर झालं. शनिवारी, सुट्टीच्या दिवशी.

आडवाटेचा पाटील

पण हातात काही नाही हे शरीराला कळतं कसं? वाटल्यावरच ना? फलाट तुमचाही तोच.

दुर्बीणवाला

एंडोस्कोपी विभागात काम करतो, रोजची पोटं बघतो. हा जंतू आपल्याकडे भरपूर लोकांच्या पोटात मुकाट्याने राहतो. त्यातल्या थोड्यांनाच अल्सर होतो. तेव्हा 'जंतू सापडला, विषय संपला' असं नाही. १९९५ च्या जानेवारीत जपानमध्ये कोबेचा भूकंप झाला, त्यानंतर त्या भागात जठराचे रक्तस्राव होणारे अल्सर वाढले. जंतू काही त्या पहाटे जमिनीतून वर आले नव्हते.

उलट बाजूही सांगतो. दुःखात माणूस जेवत नाही, झोपत नाही, तंबाखू वाढवतो. भावना पोटापर्यंत पुष्कळदा अशा मागच्या दाराने येते, संप्रेरकांची वाट न बघता. आणि जंतूच्या खालोखाल अल्सरचं मोठं कारण म्हणजे दुखण्यावरच्या गोळ्या. तिरफळताई, बाबा गेले त्या सुमारास आईंना अशा काही गोळ्या चालू होत्या का?

तिरफळ

आत्ता आईला विचारून आले. गुडघ्यासाठी होत्या, रोज दोन. जेवणानंतर घ्यायला सांगितल्या होत्या.

म्हणाली, "एकटीसाठी कुकर कोण लावणार? नुसत्याच घ्यायचे."