'देवावर हवाला' आणि 'देवावर भार' – एकच का?

नागपूरला आमच्या ओळखीच्या एका काकूंकडे जाऊन आलो, त्यांचा मुलगा बरेच महिने आजारी आहे आणि नेमकं काय झालंय ते अजून नीट कळत नाहीये. भेटायला येणारा जो तो चहाचा कप खाली ठेवता ठेवता एकच म्हणून राहिला होता, "आता देवावर हवाला ठेवा". शेवटी काकू वैतागून म्हणाल्या, "हवाला नाही ठेवला मी, भार घातलाय". तेव्हा विचारायची हिंमत नाही झाली. हे दोन्ही एकच ना? आणि 'सबुरी' यात कुठं बसते?

–

एकच आहे हो भाऊ. आमच्या नागपूरच्या महाल भागात तर "देव पाहून राहिला नं, दम धर थोडा" एवढंच म्हणतात, काऊन एवढा कीस काढता.

–

एकच नाही, काकूंचे कान तिखट आहेत. हवाला अरबीतून आलाय, एकाकडचं दुसऱ्याच्या ताब्यात देणं, हवालदारही त्यातलाच. म्हणून हवाला ठेवला की काम आपल्या हातून गेलं, आणि वापरातही तो बहुतेक हात टेकल्यावरच येतो. "दैवावर हवाला ठेवून बसलाय" यात तर सरळ टोमणा आहे, खाटल्यावरच्या हरीचाच शेजारी तो. आईला हे ऐकून राग येणार नाही तर काय!

आता भार. "ठेविले अनंते तैसेचि राहावे" व्हॉट्सअ‍ॅपवर रोज सकाळी येतं, पण त्याच अभंगाचा शेवट कुणी पाठवत नाही: "तुका म्हणे घालू तयावरी भार, वाहू हा संसार देवापायी". गंमत 'वाहू' मध्ये आहे. आपण ओझं वाहतो आणि देवाला फूलही वाहतो, क्रियापद तेच. मला तरी तिथं दोन्ही ऐकू येतात, म्हणजे भार त्याच्यावर घातला तरी संसार वाहणं काही सुटलं नाही, औषधाच्या वेळा, रिपोर्ट, रात्रीचं जागरण सगळं चालूच. जाणकार त्या ओळीचा अर्थ फक्त अर्पण करणे असा घेत असतील तर घेऊ देत.

सबुरी म्हणजे अरबी सब्र, नागपूरच्या ताजबागेत, ताजुद्दीन बाबांच्या दर्ग्यात, गेलात तर 'सब्र'च कानावर पडेल. शिर्डीमुळं आपल्याकडं ती श्रद्धेला जोडूनच येते पण एरवी "जरा सबुरीनं घे" म्हणजे घाई करू नको, एवढंच. त्यात प्रश्न विचारू नको असं कुठंही नाही, ते सांत्वन करणारे आपल्या पदरचं घालतात कारण त्यांना उत्तर देता येत नसतं. आमच्या परंपरेत देवाशी भांडायला कधी बंदी होती? जनाबाई तर "अरे विठ्या विठ्या, मूळ मायेच्या कारट्या" म्हणून मोकळी झाली, तिची भक्ती कमी होती असं कुणी म्हणून तर दाखवा.

–

वरच्याला जोडून, आमच्या बायबलात ईयोब आहे, गुरंढोरं गेली, मुलं गेली, अंगभर फोडं आली. समजूत घालायला आलेले मित्र सांगत राहतात की तुझंच काहीतरी चुकलं असणार, आणि हा पानंच्या पानं देवाला जाब विचारतो. शेवटी देव रागावतो तो त्या मित्रांवर, म्हणतो माझ्याविषयी तुम्ही नीट बोलला नाहीत, ईयोब बोलला. आणि पुढं याकोबाच्या पत्रात धीराचं उदाहरण म्हणून नाव याच भांडणाऱ्या माणसाचं दिलंय! त्यामुळं "दम धर"वाल्या दादांनी पुढच्या वेळी दुसरा भाग खाऊन टाकावा आणि नुसतं "येऊ का रात्री बसायला, तुम्ही झोपा थोडं" असं विचारावं.

–

महालवाला लिहून राहिलो. पटलं. पण एक सांगा, सबुरी का सबूरी? दोन्ही दिसून राहिलं.

–

'सबुरी' बरोबर. शेवटी दीर्घ ई आहे म्हणून आधीचा उकार ऱ्हस्व, मजुरी, मंजुरीसारखा.