खवले मांजर आर्माडिलोचं कुणीच नाही, आणि स्लॉथ मात्र नातेवाईक?

रानजाई:
स्लॉथ, अँटइटर आणि आर्माडिलो म्हणे एकाच खानदानातले. एक झाडाला उलटा लटकून पानं खातो, एकाला दातच नाहीत, तिसरा चिलखत घालून फिरतो. आणि आपलं कोकणातलं खवले मांजर, जे डिट्टो आर्माडिलो दिसतं, ते यांच्यात नाही?? कुणी सोप्या भाषेत सांगेल का

जुना_भिडू:
दिसण्यावर जाऊ नका हो. या तिघांच्या कण्यात जास्तीचे सांधे असतात, बाकी कुठल्या सस्तन प्राण्यात ते नाहीत, आणि डीएनएपण तेच सांगतो. दक्षिण अमेरिका कोट्यवधी वर्षं एकटी पडलेली होती तिथे हे वाढले, मग साधारण ३० लाख वर्षांपूर्वी पनामाची जमीन जोडली गेली आणि उत्तरेचा रस्ता मोकळा, नऊ पट्ट्यांचा आर्माडिलो आता टेक्सासच्याही पुढे गेलाय. खवले मांजर डीएनएने वाघ-कुत्र्यांच्या जवळचं. त्याचे खवले केराटिनचे, आपल्या नखांचंच मटेरियल. आर्माडिलोच्या कवचात खरं हाड असतं. मुंग्या खायचा धंदा दोघांनी आपापला सुरू केला एवढंच.

पक्या_७:
आर्माडिलो बॉल होतो ना पण, खवले मांजरासारखाच?

जुना_भिडू:
सगळे नाही. पूर्ण बॉल होतो तो तीन पट्ट्यांचा, २०१४ च्या फुटबॉल वर्ल्ड कपचा मॅस्कॉट फुलेको तोच. नऊ पट्ट्यांचा दचकला की सरळ वर उडी मारतो, त्यामुळे हायवेवर गाडीच्या खालच्या भागावर आपटून मरतो बिचारा. त्याच्या मादीला बहुतेक वेळा चार पिल्लं होतात, चारही एकाच बीजांडातली!

रानजाई:
बापरे. आणि स्लॉथ आठवड्यातून एकदाच शी करायला खाली उतरतो हे खरं का? वरूनच का नाही करत, खाली जॅग्वार असतो ना

निवडुंग:
तीन बोटांवाला उतरतो, खरंय. वजन एका झटक्यात बरंच कमी होतं, कधी कधी एक तृतीयांशपर्यंत. त्याच्या केसांत पतंग राहतात, ते त्या शेणात अंडी घालतात. २०१४ च्या एका अभ्यासात मांडलंय की पतंगांमुळे केसांवरचं शेवाळ वाढतं आणि स्लॉथ ते चाटून थोडं पोषण मिळवतो.

जुना_भिडू:
शेवाळाचं मला नाही पटत, एवढ्याशा शेवाळासाठी जीव धोक्यात कोण घालेल? वासावरून जोडीदार शोधायला उतरतात असंही काहीजण म्हणतात, ते जास्त बरोबर वाटतं.

निवडुंग:
मग पिल्लाला छातीशी धरून आयापण उतरतात, त्या कुठे जोडीदार शोधतायत?