घरी भरलेल्या .223 काडतुसाला क्रिंप द्यावा की देऊ नये?

नाशिकरोडकर (धागाकर्ता)

मी मूळचा नाशिकरोडचा, गेली अकरा वर्षे टेक्सासमध्ये राहतो. तिथे स्वतःच्या वापरापुरती काडतुसे घरी भरण्यासाठी परवाना लागत नाही, त्यामुळे .223 रेमिंग्टन या रायफलच्या प्रकारची माझी काडतुसे मीच भरतो. भारतात मात्र परवान्याशिवाय दारूगोळा तयार करणे शस्त्र अधिनियम 1959 नुसार गुन्हा आहे, हे आधीच स्पष्ट करतो. दिवाळीसाठी घरी आलो असताना वडिलांच्या मित्रांमध्ये या विषयावरून बराच वाद झाला, तो इथे मांडत आहे.

पुंगळीच्या, म्हणजे काडतुसाच्या पितळी नळकांड्याच्या, मानेत गोळी बसवल्यानंतर मानेचे तोंड किंचित आत दाबून गोळीला आवळतात, त्याला क्रिंप म्हणतात. अर्धस्वयंचलित रायफलसाठी प्रत्येक काडतुसाला हलका क्रिंप द्यावाच, असे माझे मत आहे. मागच्या हिवाळ्यात एकच काडतूस मी वेगवेगळ्या दिवशी तीनदा चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाची काडतूस बसण्याची जागा) चढवून न झाडता बाहेर काढले होते. भरताना त्याची एकूण लांबी 57.15 मिमी होती. तिसऱ्या वेळी व्हर्निअर लावला तर ती 56.72 भरली, म्हणजे गोळी जवळपास अर्धा मिलिमीटर आत सरकली होती. गोळी आत गेली की दारूभोवतीची जागा कमी होते आणि दाब वाढतो. या काडतुसाची कमाल दाबमर्यादा 55,000 पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) आहे; तिथे असा खेळ मला परवडणारा नाही. ते काडतूस मी मोडून टाकले.

सातपूर टूलरूम

आपले मोजमाप मला मान्य आहे, निष्कर्ष मान्य नाही. मी एकतीस वर्षे डाय आणि पंच बनवतो, म्हणून धातूच्या बाजूने सांगतो. गोळी धरून ठेवण्याचे काम मान करते, तोंडाची कड नव्हे. .224 इंचाच्या गोळीसाठी साइझिंगनंतर (वापरलेली पुंगळी डायमध्ये दाबून पुन्हा मापात आणल्यावर) मानेचे आतले माप साधारण .222 असले पाहिजे, म्हणजे दोन थाऊची (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) पकड मिळते. आपली गोळी सरकली याचा अर्थ ही पकडच अपुरी होती, आणि क्रिंप देऊन आपण मूळ दोष झाकत आहात.

दुसरे असे की पितळेला स्प्रिंगबॅक असतो आणि गोळीतल्या शिशाला तो जवळजवळ नसतो. जास्त आवळले की शिसे दबून तसेच राहते, पितळ मात्र थोडे मागे येते, आणि घट्ट करायला गेलेली पकड उलट सैल होते. शिवाय पुंगळ्यांची लांबी सारखी नसेल तर साध्या क्रिंप डायमध्ये लांब पुंगळी जास्त दाबली जाते आणि आखूड पुंगळी कमी. जास्त दाबली गेलेली पुंगळी खांद्याशी फुगते आणि मग ती चेंबरमध्ये बसतच नाही.

सुभेदार (नि.), देवळाली कॅम्प

मी ईएमईमध्ये, म्हणजे सैन्याची शस्त्रे आणि यंत्रे दुरुस्त करणाऱ्या विभागात, आर्मरर (शस्त्रे दुरुस्त करणारा) होतो. टूलरूमवाल्यांचे गणित बरोबर आहे, पण ते टेबलावरचे गणित आहे. जळगाव जिल्ह्यातल्या वरणगावच्या कारखान्यात सैन्यासाठी काडतुसे तयार होतात. 5.56 मिमीची लष्करी गोळी पाहिली तर तिच्या अंगावर बारीक गोल खाच दिसते, आणि मानेचे तोंड त्या खाचेत दाबलेले असते. ते काडतूस ट्रकमध्ये हादरते, पेटीसकट खाली आदळते आणि शेवटी ब्रीचब्लॉकच्या (चेंबर मागून बंद करणारा ठोकळा) जोराने चेंबरमध्ये ढकलले जाते. ब्रीच बंद होताना बसणाऱ्या झटक्याने गोळी पुढेही सरकू शकते, हे कोणी बोलत नाही. एवढे सगळे मानेच्या पकडीवर सोडून द्यावे असे मला वाटत नाही.

बाळ, तुझे मत मला पटते, पण एक विचारतो. तुझ्या गोळीला खाच आहे का? खाच नसलेल्या गोळीवर जोराचा क्रिंप दिलास तर तांब्याचे आवरणच दबेल. आणि वापरलेल्या लष्करी पुंगळ्या घेत असशील तर त्यांच्या बुडाशी प्रायमरलाही (दारू पेटवणारी छोटी टोपी) क्रिंप असतो. तो काढल्याशिवाय नवा प्रायमर नीट बसत नाही.

कॉलेज रोडची नेमबाज

एनसीसीत मी .22 ने सुरुवात केली. स्वप्नील कुसाळे यांनी 2024 मध्ये पॅरिसला 50 मीटरमध्ये कांस्य मिळवले, तेही .22 रिमफायरनेच. त्या काडतुसात प्रायमरचे मिश्रण बुडाच्या कडेत भरलेले असल्यामुळे ते घरी पुन्हा भरण्याचा प्रश्नच व्यवहारात येत नाही.

चर्चा .223 ची असेल, तर रायफल कोणती हे आधी ठरले पाहिजे. बोल्ट रायफलमध्ये एकेक काडतूस हाताने ठेवून कागदावर नेम धरणाऱ्याने क्रिंप देऊ नये, असे मी स्पष्ट म्हणेन. तिथे गोळी प्रत्येक वेळी सारख्याच जोराने सुटणे महत्त्वाचे असते, आणि विषम क्रिंप नेमका तोच सारखेपणा घालवतो. उलट, लिव्हर रायफलच्या नळीसारख्या मॅगझिनमध्ये काडतुसे एकामागे एक रेटलेली असतात आणि प्रत्येक धक्क्याला मागची पुढचीवर आपटते. तिथे क्रिंप हवाच. "प्रत्येक काडतुसाला" या शब्दांना माझा विरोध आहे.

नाशिकरोडकर (धागाकर्ता)

काका, माझ्या गोळ्यांना खाच आहे आणि पुंगळ्या मी दरवेळी 44.45 मिमीला कापून घेतो, त्यामुळे क्रिंप विषम पडण्याची भीती माझ्या बाबतीत कमी आहे. बोल्ट रायफलचा मुद्दा मी मान्य करतो. माझे विधान अर्धस्वयंचलित रायफलपुरतेच होते. परंतु मानेची पकड पुरेशी असताना हलका क्रिंप दिल्याने नेमके काय बिघडते, याचे उत्तर अजून मिळालेले नाही.

सातपूर टूलरूम

हलका आणि सारखा क्रिंप असेल तर फारसे बिघडत नाही. माझी भीती वेगळी आहे. आपल्या पुंगळ्या किती वेळा भरून झाल्या आहेत? काडतुसाचे पितळ म्हणजे सत्तर भाग तांबे आणि तीस भाग जस्त. ते प्रत्येक साइझिंगला थोडे कडक होते, आणि कडक मान गोळीला नीट धरत नाही. भांडी बाजारात घागर घडवणारा तांबट ठोकून ठोकून पत्रा कडक झाला की हातोडा खाली ठेवतो, घागर भट्टीत लालसर तापवतो आणि मगच पुन्हा ठोकायला घेतो. तसा ताव आपल्या पुंगळ्यांच्या मानेला कधी दिला आहे का? ताव फक्त मानेला द्यायचा. बूड नरम झाले तर पुंगळी फाटण्याचा धोका असतो.

नाशिकरोडकर (धागाकर्ता)

ते सरकलेले काडतूस सहाव्यांदा भरलेल्या पुंगळीचे होते आणि मी ताव एकदाही दिलेला नाही. परत गेल्यावर त्याच पुंगळ्यांतल्या दहांच्या मानांना ताव देईन आणि दहा तशाच ठेवीन, दोन्हींना क्रिंप न देता तीनतीनदा चेंबरमध्ये चढवीन आणि दरवेळचे माप इथे लिहीन.

सुभेदार (नि.), देवळाली कॅम्प

आणखी दहा क्रिंप देऊन पण ताव न देता ठेव. आणि चढवताना नळीचे तोंड रेंजच्या मातीच्या बांधाकडेच असू दे, घरात हा प्रयोग करू नकोस.