जुन्या जिप्सीचे स्टिअरिंग ५५ च्या वेगाला थरथरते : किंगपिनचे काम घरच्या अंगणात करता येईल का?

प्रश्न – कातळसडा

नमस्कार. माझ्याकडे १९९९ सालची मारुती जिप्सी किंग आहे, १२९८ सीसीची, कार्बोरेटरची. गाडी गेली अकरा वर्षे गुहागर तालुक्यात, समुद्रापासून फार तर दोन किलोमीटरवर राहते. बागेत खत नेणे, पावसाळ्यात सड्यावरच्या, म्हणजे कातळ पठारावरच्या, वाटेने वर जाणे आणि महिन्यातून एकदा चिपळूण, एवढाच तिचा वापर. गेल्या दिवाळीपासून ताशी ५५ ते ६० च्या वेगात पुढचे एखादे चाक खड्ड्यात आपटले की स्टिअरिंग दोन्ही बाजूंना इतक्या जोराने हलू लागते की ब्रेक लावून वेग तिशीच्या खाली आणल्याशिवाय ते थांबत नाही. त्याखेरीज डाव्या चाकाच्या आतल्या बाजूने, म्हणजे नकलच्या (चाकासह वळणाऱ्या जोडाच्या) गोळ्याखालून, तेल गळते आणि टायरच्या आतल्या भिंतीवर त्याचा काळा ओघळ दिसतो.

इथल्या एका गॅरेजमध्ये दोन्ही टाय रॉड एंड (दोन्ही चाके एकत्र वळवणाऱ्या दांड्याची टोके) बदलले, चाकांचा बॅलन्स केला आणि नवीन स्टिअरिंग डॅम्पर बसवला. तीन आठवडे बरे गेले, मग पुन्हा तेच सुरू झाले. आता किंगपिन बेअरिंग (नकल ज्या खुंट्यांवर फिरते त्यांची बेअरिंगे) बदलावे लागतील असे सांगतात, पण त्यासाठी गाडी दहा दिवस ठेवून घेणार आणि मजुरीचा आकडाही नेमका सांगत नाहीत. माझ्याकडे पान्यांचा पूर्ण संच, दोन टनी बाटली जॅक आणि गाडी टेकवायच्या दोन घोड्या आहेत. इंजिनाचे व्हॉल्व्ह क्लिअरन्स आणि मागच्या ब्रेकचे लायनर मी घरीच करतो, पण पुढचा अॅक्सल आजवर उघडलेला नाही. हे काम स्वतः करावे की करू नये, आणि केल्यास कुठे चुकण्याची शक्यता असते, हे अनुभवी मंडळींनी सांगावे.

उत्तर १ – ताणकाटा

काम करण्याजोगे आहे, परंतु आधी दोष नक्की कुठे आहे हे ठरवून घ्या. पुढचे चाक जमिनीपासून उचला, घोडी अॅक्सलखाली लावा, चाक वरून आणि खालून धरून आत-बाहेर हलवा. खडखड जाणवली तर कोणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. ब्रेक दाबल्यावर ढिलाई नाहीशी झाली तर ती चाकाच्या बेअरिंगची होती, तशीच राहिली तर किंगपिनची. मग चाक डावी-उजवीकडून धरून हलवलेत की टाय रॉडचाही निकाल लागतो. ही तपासणी पाच मिनिटांची आहे, आणि ती न करताच डॅम्पर विकणारे मी पुष्कळ पाहिले आहेत. डॅम्पर थरथर दाबून ठेवतो, तिचे कारण दूर करत नाही, म्हणूनच तुमचे तीन आठवडे बरे गेले.

या गाडीत नकल वर एक आणि खाली एक अशा दोन छोट्या टेपर बेअरिंगांवर फिरते, आणि ती बेअरिंगे किती दाबून बसावीत हे किंगपिनच्या बैठकीखालच्या पातळ चकत्या, म्हणजे शिम, ठरवतात. शिम काढली की दाब वाढतो, घातली की कमी होतो. स्टिअरिंगचा बहुतेक वेळ सरळ जाण्यातच जात असल्यामुळे रोलर वर्षानुवर्षे त्याच जागी आपटत राहतात आणि बाहेरच्या कडीवर, म्हणजे रेसवर, बारीक खाचा पाडतात. अशा वेळी नुसती शिम कमी करण्याचा उपाय अनेक जण सुचवतील. त्याने वळताना स्टिअरिंग जड होते आणि सरळ चालताना मात्र बेअरिंग खाचेत ढिलेच राहते. सील आणि टाय रॉड सोडवल्यावर नकल हाताने हळूहळू फिरवून पाहा. मध्यावर ती टक्क करून बसल्यासारखी वाटली तर रेस गेलेली आहे, आणि मग चारही बेअरिंगे रेससकट बदलण्यास पर्याय नाही.

बसवताना अंदाजाने काम करू नका. गोळ्यावरचे सील न बसवता, टाय रॉड न जोडता, नकलच्या भुजेवरील टाय रॉडच्या भोकात ताणकाटा अडकवून ओढा. नकल हलू लागते त्या क्षणी काट्यावर १ ते १.८ किलो दिसायला हवे. भाजीवाल्यांकडचा साधा काटा चालतो, मात्र तो लहान मापाचा असावा, कारण पन्नास किलोच्या काट्यावर दीड किलो वाचता येत नाही. शिम वरून आणि खालून सारख्याच काढा, नाहीतर नकल गोळ्याच्या मध्यावर राहत नाही आणि नवे सीलही एका बाजूने गळू लागते.

उत्तर २ – घाटवाट

वरील उत्तराशी सहमत आहे. गळतीबद्दल थोडी भर घालतो, कारण बहुतेक जण बाहेरचे सील बदलतात आणि दोन महिन्यांनी पुन्हा विचारायला येतात. या अॅक्सलमध्ये नकलच्या पोटात ग्रीस असते आणि डिफरन्शिअलचे (दोन्ही चाकांना शक्ती वाटणाऱ्या गिअरचे) तेल अॅक्सलच्या नळीतच राहावे म्हणून नळीच्या टोकाला आत आणखी एक सील असते. बाहेर जाड ग्रीस येत असेल तर गोळ्यावरचे सील दोषी समजावे. पातळ, गंधकासारखा वास येणारा काळा रस येत असेल तर आतले सील गेले असून गिअर ऑइलने ग्रीस विरघळवले आहे. तुमच्या टायरवरचा ओघळ दुसऱ्या प्रकारचा वाटतो. चाक फिरवणारा शाफ्ट परत घालताना तो आडवा, दोन्ही हातांनी तोलून सरकवा, कारण शाफ्टचे दाते नव्या सीलच्या ओठावर घासले की सील त्याच दिवशी फाटते. हे मी स्वतः करून बसलो आहे आणि तेच काम सलग दोन रविवारी केले आहे.

ब्रेकचा कॅलिपर काढल्यावर त्याला ब्रेकच्या रबरी नळीवर लटकू देऊ नका, स्प्रिंगच्या पाट्याला तारेने बांधा. किंगपिन आणि त्यांच्या शिम चार वेगळ्या डब्यांत डावी-वर, डावी-खाली अशा चिठ्ठ्या लावून ठेवा. आपले अंगण जांभ्याचे असेल तर जॅकखाली जाड फळी घ्या आणि मागच्या चाकांना दोन्हीकडून दगड लावा. फक्त जॅकच्या भरवशावर गाडीखाली हात घालू नये.

उत्तर ३ – सडाफटिंग

एक प्रश्न: पाट्यांचे शॅकल (पाट्यांचे टोक गाडीच्या सांगाड्याला जोडणाऱ्या पट्ट्या) लांबवलेले आहेत का, किंवा रुंद टायर बसवले आहेत का? उंची वाढवण्यासाठी लांब शॅकल लावले की कास्टरचा, म्हणजे किंगपिन मागे कलण्याचा, कोन कमी होतो आणि किंगपिन निर्दोष असले तरी चाक भिरभिरते. सुटे भाग शोधताना हेही लक्षात ठेवा की हीच गाडी परदेशात सामुराई नावाने विकली गेली असून पुढच्या अॅक्सलची रचना तीच आहे. त्यामुळे तिकडच्या दुरुस्तीच्या पुस्तिकांतील चित्रे आपल्यालाही उपयोगी पडतात. डिफरन्शिअलमध्ये जीएल-५ प्रतीचे तेलच भरा, मात्र उरलेले तेल गिअरबॉक्समध्ये ओतू नका, त्यातील गंधकयुक्त घटक सिंक्रोच्या (गिअर बदलताना वेग जुळवणाऱ्या भागाच्या) पितळी कड्यांना मानवत नाहीत.

कातळसडा

सर्वांचे मनापासून आभार. शॅकल आणि टायर कंपनीचेच आहेत. दोन शनिवार-रविवार खर्च करून दोन्ही बाजू उघडल्या. ब्रेक दाबून तपासले तेव्हा डावीकडची ढिलाई तशीच राहिली. उजवीकडे हाताला काही जाणवत नव्हते, तरी रेस बाहेर काढून पुसल्यावर तिच्यावरही नखाला लागतील अशा समांतर खाचा दिसल्या, म्हणून चारही बेअरिंगे बदलली. जुन्या रेस पितळी दांड्याने समोरासमोरच्या बाजूंनी आळीपाळीने ठोकून काढल्या. डावीकडची खालची रेस गंजून इतकी घट्ट बसली होती की एक अख्खी संध्याकाळ तिच्यातच गेली. ताणकाट्यावर डावीकडे १.४ आणि उजवीकडे १.३ किलो आले, त्यासाठी शिम पाच वेळा बदलाव्या लागल्या. डावीकडचे आतले सीलही नवे घातले, आणि नकलमधून वाटीभर काळे पाणीदार ग्रीस निघाले.

गळतीचे मूळ मात्र आणखी वर सापडले. अॅक्सलवरच्या श्वासनळीचे, म्हणजे ब्रीदरचे, झाकण कधीचे गळून पडले होते आणि भोकात कुंभारमाशीने मातीचे घर बांधले होते. अॅक्सल तापल्यावर आतल्या हवेला बाहेर पडायला वाटच नव्हती, म्हणून ती सीलमधून तेल ढकलत असावी.

घाटवाट

भोक साफ करून नुसते झाकण बसवू नका. तिथे रबरी नळी जोडून तिचे टोक बॉनेटखाली, बॅटरीच्या उंचीवर बांधा. पावसाळ्यात तापलेला अॅक्सल ओढ्यात उतरला की एकदम थंड होऊन आत हवा ओढतो, आणि ब्रीदर पाण्याखाली असेल तर हवेऐवजी पाणी घेतो. एकदा पऱ्या ओलांडून आलात की डिफरन्शिअलचा नट उघडून पाहा. तेल दुधाळ दिसले तर तेच झाले आहे असे समजा आणि त्याच आठवड्यात ते बदला.

कातळसडा

नळी कालच बसवली. चिपळूणला जाऊन आलो, ६५ पर्यंत वेग नेला आणि नेहमीच्या त्याच खड्ड्यात मुद्दाम चाक घातले. एक धक्का बसला आणि गाडी सरळ पुढे गेली. डॅम्पर अजून तसाच ठेवला आहे.